मध्यरात्रीच्या घासाची तारीख

दिवसभरात खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी ॲपवर लिहून ठेवणाऱ्या माणसाला भूक छळते हे खरे, पण तारीख त्याहून अधिक छळते. नाश्ता, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण यांच्या जागा ॲपमध्ये ठरलेल्या आहेत, मधल्या वेळच्या खाण्यासाठीही एक कप्पा आहे. पण रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांनी लोणी लावून खाल्लेला पावाचा तुकडा कालचा म्हणावा की आजचा, हे कोणी ठरवून दिलेले नाही. हा प्रश्न नेमका घास तोंडात असताना पडतो आणि अशा अवस्थेतला माणूस निःपक्षपाती राहू शकत नाही.

ॲपच्या लेखी प्रश्नच नाही. बाराच्या ठोक्याला ते कालचे पान मिटते आणि कोरे करकरीत पान समोर ठेवते, ज्याच्या माथ्यावर '१८०० शिल्लक' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. अकरा पन्नासला ज्याच्यापाशी तीस कॅलरीसुद्धा उरलेल्या नव्हत्या, तो दहा मिनिटांत अठराशेंचा धनी होतो. आणि पगार हाती पडलेल्या संध्याकाळी माणूस जितका काटकसरी असतो, तितकाच मी त्या वेळी असतो.

दोन तारखांपैकी जिच्यात जागा अधिक असेल, तिच्या बाजूने मला फार उत्तम युक्तिवाद सुचतात. कालच्या पानावर दोनशे कॅलरी उरल्या असतील तर 'अजून झोपलोच नाही, म्हणजे दिवस संपलेलाच नाही' हे मला स्वयंसिद्ध वाटते, आणि कालचे पान भरून वाहत असेल तर 'शेवटी कॅलेंडर म्हणजे कॅलेंडर' असे म्हणण्याइतका मी शिस्तप्रिय होतो. दोन्ही मते आपापल्या जागी निर्दोष आहेत. ती एकाच माणसाने एकाच आठवड्यात मांडावीत, एवढीच काय ती अडचण.

शरीराला विचारावे, तर तेथे तारखेचे खातेच नाही. दिवसाकाठी आपण जी ऊर्जा खर्च करतो तिचा साधारण ६० ते ७० टक्के भाग नुसते जिवंत राहण्यात जातो आणि हे काम झोपेतही चालूच असते. बारा वाजले म्हणून यकृत काही जमाखर्च जुळवायला बसत नाही. शरीरात घड्याळ आहे, हे मान्य. त्या घड्याळाची यंत्रणा उलगडून दाखवणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. पण ते घड्याळ उजेड पाहून चालते, मोबाइल पाहून नव्हे. तेच खाणे सकाळऐवजी रात्री उशिरा खाल्ले तर रक्तातली साखर अधिक चढते, हेही खरे आहे. मात्र त्यावरून फार तर खावे की खाऊ नये हे ठरेल, आणि मी फ्रिजचे दार उघडून उभा असतो तेव्हा तो मुद्दा निकालात निघालेला असतो. माझा प्रश्न फक्त लिहिण्याचा आहे.

मला खरा आधार मिळाला तो खगोलशास्त्रज्ञांकडून. १९२४ अखेरपर्यंत त्यांच्या पंचांगांतला दिवस मध्यरात्री नव्हे, तर भर दुपारी बाराला बदलत असे, कारण रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसणाऱ्या माणसाला एकाच रात्रीच्या निरीक्षणांवर दोन तारखा घालणे सोयीचे नव्हते. १ जानेवारी १९२५ पासून त्यांनीही मध्यरात्र स्वीकारली, तरी त्यांची ज्युलियन दिवसगणना, म्हणजे दिवसांना सलग क्रमांक देत जाण्याची पद्धत, अजून दुपारीच पान उलटते. जपानमधल्या दूरचित्रवाणी वाहिन्या तर रात्री एकच्या कार्यक्रमाची वेळ '२५:००' अशी देतात. एवढ्या विद्वानांनी आणि व्यावसायिकांनी रात्र अखंड मानली असेल, तर माझ्या पावाच्या तुकड्याने मध्यरात्रीपुढे मान का तुकवावी? अर्थात दुपारी बाराची सीमा मला पेलली नाही. सकाळचा नाश्ताही कालच्या पानावर जाऊ लागला आणि दुपारचे जेवण हा दिवसाचा पहिला घास ठरला. सवलतीलाही काही मर्यादा असते.

म्हणून मी झोपेची सीमा धरली. सकाळी अंथरुणातून उठेपर्यंत जे पोटात जाईल ते आदल्या दिवसाचे, मग घड्याळ काहीही म्हणो. ॲपमधला मागे जाणारा बाण दाबायचा आणि कालच्या पानावर नोंद करायची. रात्रपाळीला जाणाऱ्या आणि दोन वाजता मुख्य जेवण घेणाऱ्या माणसाला तर याखेरीज दुसरा व्यवहार्य नियमच नाही. दात घासले की दिवस बंद, हा पर्यायही मी तपासून पाहिला होता. पण दात पुन्हा घासता येतात. सोफ्यावर लागलेली डुलकी झोप धरायची का, यावर मात्र घरात बराच खल झाला आणि धरायची नाही असे ठरले. हा निकाल माझ्या विरोधात गेला.

तारीख ठरली तरी प्रमाण उरतेच. रात्रीचे खाणे उभ्याने, फ्रिजच्या उजेडात आणि थेट बरणीतून होते. पीनट बटरचा सपाट मोठा चमचा साधारण १६ ग्रॅमचा आणि ९५ कॅलरींचा धरतात, पण मध्यरात्री सपाट चमचा भरणारा माणूस मी पाहिलेला नाही. आणि स्निग्धांशाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ कॅलरी पडत असल्याने चमच्यावरचा तो उंचवटाच सगळा घोटाळा करतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे बरणीच काट्यावर ठेवायची: रात्रीचे वजन लिहून ठेवायचे, सकाळी पुन्हा मोजायचे आणि वजाबाकी करायची. बरे, बरणीवर छापलेला आकडाही काही ब्रह्मवाक्य नव्हे; अमेरिकेतल्या नियमांनुसार शंभर कॅलरी लिहिलेल्या खाण्यात एकशेवीस निघाल्या तरी ते चालवून घेतले जाते. इतक्या सैल आकड्यासाठी मी तारखेचा एवढा काथ्याकूट करतो, हे मला कळत नाही असे नाही.

"बाबा, आठवड्याची सरासरी काढा ना, मग कुठेही लिहा," असे मुलीने सुचवले. हे बिनतोड होते. दोनशे कॅलरी मंगळवारी लिहिल्या काय किंवा बुधवारी, सातांची बेरीज तीच राहते. फक्त रविवारच्या रात्री तोच तंटा दुप्पट वजनाने उभा राहिला, कारण आता दिवसाबरोबर आठवडाही बदलत होता, आणि रविवारी रात्री मला भूकही जरा मोठीच लागते. तेव्हा आठवड्याचा सांधा मी बुधवारच्या रात्रीवर नेला. त्या दिवशी मी दमून लवकर झोपतो.

ही व्यवस्था सुरळीत चालू असतानाच बायकोनेही कॅलरी मोजायला घेतल्या आहेत, आणि तिचा दिवस ॲपप्रमाणे बाराला बदलतो. परवा रात्री साडेबाराला आम्ही चीजचा एक तुकडा निम्मानिम्मा खाल्ला. माझा अर्धा भाग सोमवारी गेला आणि तिचा मंगळवारी. "अरे, एकाच ताटलीतलं खाल्लं ना आपण?" असे ती म्हणाली खरी, पण तारीख बदलायला तीही तयार नाही, तिच्या सोमवारात जागा नव्हती.