डंपरमधला दगड

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

नदीकाठची जुनी दगडी पूरभिंत पाडून तिथे काँक्रीटची होतेय. होऊ दे. पण ब्रेकर लावून घडीव दगड, माती, झाडांची मुळं सगळं एकाच डंपरमध्ये? ड्रायव्हरला विचारलं, कुठे टाकता? म्हणाला, "इथंच पुढं, नदीकडेला खोलगट जागा आहे ना, तिथं." म्हणजे पूर अडवणाऱ्या भिंतीचा राडारोडा पुराचं पाणी पसरायच्या जागेत! मग पाणी चढलं की भिंतीची उंची वाढवायचं टेंडर काढायला आपण मोकळे.

मला नोकरीच्या पहिल्या वर्षातले मुकादम आठवले. पुरात बांधाचं पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेलं दगडी अस्तर, ढासळलं होतं आणि मी नव्या दगडाचा हिशोब मांडत बसलो होतो. त्यांनी वही बाजूला ठेवायला लावली, हातात हातोडी दिली. "वाजवून बघा साहेब." खणखणीत वाजला की डावीकडे, बद्द वाजला की उजवीकडे. दोन दिवस ठोकत होतो, तळहाताला फोड आले. डावीकडचा ढीग उजवीकडच्या दुप्पट झाला. तो तसाच परत पिचिंगला लागला. नव्या दगडाची मागणी मीच खोडली, जरा लाजत.

आता म्हणे वेळ नाही. एस्टिमेटमध्ये 'वापरण्याजोगा माल वेगळा रचून ठेवणे' अशी ओळ असते हो! रचतो कोण? आणि नव्या भिंतीला सिमेंट किती लागतं? जगभरात माणसं जो कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यातला साधारण ८ टक्के एकट्या सिमेंटचा. तो हवेत सोडून हवामान बिघडवायचं आणि बिघडलेल्या हवामानाच्या पुराला अडवायला परत सिमेंट. वा!

बरं, मान्य, सगळंच परत वापरता येत नाही. कुजकट गाळमाती बांधाच्या गाभ्यात घातली तर पाणी झिरपून बांधच फुटेल. पुरात भिजलेल्या वाळूच्या पोत्यांत गटाराचं पाणी मुरलेलं असतं, ती वाळू मुलांच्या खेळायच्या जागेत नको. पण म्हणून चांगलंही फेकायचं? फोडलेलं काँक्रीट चाळून भरावाला चालतं. लोखंडी शीट पाइल, म्हणजे जमिनीत ठोकलेले जाड पत्रे, उपटून दुसऱ्या कामावर नेता येतात. लंडनखालचे रेल्वेबोगदे खोदताना निघालेली ३० लाख टन माती जहाजांनी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वॉलसी बेटावर नेली, जमीन उंचावली आणि २०१५ मध्ये समुद्राला मुद्दाम आत घेऊन खाजण उभं केलं. त्यांच्याकडे पैसा आहे, हे म्हणाल. म्हणा. आमच्या मुकादमांकडे एक हातोडी होती.

ड्रायव्हरवर मी उगाच ओरडलो. त्या बिचाऱ्याला फेऱ्यांवर पैसे मिळतात, दगड निवडण्यावर नाही. तोच खाली उतरला, म्हणाला, "कुठला पाहिजे बोला." टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, काढून दिली. मी एका दगडावर मारली. काय वाजला!

तो दगड आता आमच्या दाराशी आहे. घरचे विचारतायत, ह्याचं करणार काय? म्हटलं, आधी वाजवून तर बघा.