फुलवातीएवढा कापूस

भाचीच्या मेंदीच्या दिवशी घरी आलेल्या ब्यूटिशियनने माझी बोटे न्याहाळून "मावशी, तुम्हीही जेल नेलपॉलिश करून घ्या, तीन आठवडे हलणार नाही" असे म्हटले, तेव्हाच त्या वाक्यातला धोका माझ्या ध्यानात यायला हवा होता. तीन आठवडे न हलणारे पाहुणे आमच्या घराने पाहिलेले आहेत आणि त्यांचा मुक्काम हलवायचा म्हणजे काय दिव्य असते, हेही मला ठाऊक आहे. परंतु लग्नघरात माणसाची विवेकबुद्धी चपलांबरोबर दाराबाहेरच राहते. मी दोन्ही हात पुढे केले, तिने नखांवर डाळिंबी रंगाचे दोन हात दिले, प्रत्येक वेळी माझी बोटे एका लहानशा दिव्याखाली सरकवली, आणि लग्नाच्या सगळ्या फोटोंत, अगदी अक्षता टाकतानाच्यासुद्धा, मी बोटे पसरून उभी असलेली दिसते.

नखांना लग्नाच्या मुहूर्ताशी काही देणेघेणे नसते. ती महिन्याला साधारण 3 मिलिमीटर या आपल्या चालीने वाढत राहतात. त्यामुळे तीन आठवड्यांनी प्रत्येक नखाच्या मुळाशी मोकळी पट्टी दिसू लागली आणि माझे हात कलप लावायचा राहून गेलेल्या भांगासारखे दिसू लागले. त्यातच डाव्या अंगठ्यावरच्या जेलचा एक कोपरा सुटला. वेणी घालताना त्यात केस अडकू लागले, कणीक मळताना त्याखाली कणीक शिरू लागली, आणि गुडघ्यावरची खपली जशी माणसाला स्वस्थ बसू देत नाही, तसा तो कोपरा मला स्वस्थ बसू देईना. एका रात्री मालिका बघता बघता मी तो ओढला. पापुद्रा सबंधच्या सबंध निघाला, निघताना त्याचा बारीक आवाजही झाला, आणि क्षणभर मला विलक्षण समाधान वाटले. मग चष्मा लावून पाहिले, तर पापुद्र्याच्या आतल्या बाजूला माझ्याच नखाचे पांढरे पोपडे चिकटलेले होते आणि अंगठ्यावर जे उरले होते ते रंगाऱ्याने पत्र्याने खरवडलेल्या भिंतीसारखे दिसत होते. मुळात नखाची जाडी ती किती, जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि त्यातलेही थर मी जेलबरोबर आंदण देऊन बसले होते. अंगठ्याचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे यायला सहा महिने तरी लागतात, म्हणजे वैशाखातल्या लग्नाची ही आठवण मला दिवाळीच्या फराळापर्यंत पुरणार होती. उरलेली नऊ बोटे रीतसर सोडवायची, असा निश्चय मी त्याच रात्री केला.

पार्लरमध्ये चौकशी केली तेव्हा काढण्याचे वेगळे पाचशे रुपये सांगण्यात आले. लावण्याचे पैसे भाचीच्या वडिलांनी दिले होते आणि काढण्याचे मला द्यायचे होते. हा फरक निर्णायक ठरला. घरात रिमूव्हरची एक जुनी बाटली होती आणि तिच्यावर 'ॲसिटोन-फ्री' असे अभिमानाने छापलेले होते. मी त्या रिमूव्हरने एक नख पंधरा मिनिटे घासले. कापूस शेवटपर्यंत पांढराशुभ्र राहिला आणि नखाला मात्र पूर्वीपेक्षा चकाकी आली. सासूबाईंनी लिंबू चोळून पाहायला सांगितले. लिंबाने जेलला काही झाले नाही, जे काही झाले ते सोललेल्या अंगठ्याला झाले. यजमानांनी माळ्यावरचा थिनर सुचवला, ज्याने त्यांनी एकदा खिडकीच्या ग्रिलचा रंग धुतला होता. अशा थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रावके असतात आणि मी ग्रिल नव्हे, हे दोन्ही मुद्दे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले.

शेवटी रसायनशास्त्र शिकणाऱ्या चिरंजीवांनी कानांतले बोळे काढून आईकडे लक्ष दिले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे साधे नेलपॉलिश म्हणजे द्रावकात विरघळवलेले नायट्रोसेल्युलोज. द्रावक उडून गेले की रंग नखावर राहतो आणि रिमूव्हर लावला की पुन्हा विरघळतो, जसे थिजलेले तूप उबेने पुन्हा पातळ होते. जेलचे तसे नाही. त्यातले ॲक्रिलेटचे रेणू दिव्याखाली एकमेकांना कायमचे जोडले जातात आणि त्यांची जाळी तयार होते, आणि एकदा विरजण लागलेल्या दह्याचे पुन्हा दूध करता येत नाही. (तुपाची आणि दह्याची उपमा माझी आहे. त्याने आकृती काढली होती, ती मला उलटी दिसत होती.) माझ्या बाटलीत नसलेले ॲसिटोन हे जहाल द्रावकदेखील ही जाळी विरघळवत नाही, ते तिच्यात शिरते, तिला फुगवते, आणि फुगलेल्या जेलची नखावरची पकड ढिली होते. या सगळ्याला दहा ते पंधरा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ काहीही न करता थांबावे लागते.

"म्हणजे साबुदाणा भिजवण्यासारखेच की," मी म्हणाले.

"आई, हे पॉलिमर आहे," तो म्हणाला, आणि बोलता बोलता थबकला, कारण साबुदाण्यातला स्टार्चही पॉलिमरच, म्हणजे रेणूंची लांबलचक साखळीच, असतो हे त्याच्याच लक्षात आले.

तुळशीबागेत पार्लरचे सामान विकणाऱ्या दुकानात शुद्ध ॲसिटोनची बाटली मिळाली. तिच्यावर ज्वाळेचे चित्र होते आणि ते शोभेचे नव्हते. हा द्रव उणे 20 अंश सेल्सिअसच्या आसपाससुद्धा पेटण्याजोगी वाफ सोडतो, मग पुण्यातल्या जूनची काय कथा. शिवाय त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर निघून न जाता जमिनीलगत पसरते आणि चोरपावलांनी स्वयंपाकघराकडे निघते. ॲसिटोनची वाटी कोमट पाण्यात ठेवली की काम लवकर होते, असे सांगणारे लोक आहेत, परंतु 56 अंशांना उकळणाऱ्या द्रवाला ऊब देत बसण्याइतकी माझी छाती नाही. म्हणून मी घरात रीतसर घोषणा केली, की रविवारी दुपारी तीन ते चार गॅस बंद राहील, उदबत्ती लागणार नाही, निरांजन लागणार नाही आणि सर्व खिडक्या उघड्या राहतील. आमच्याकडे चहा साडेतीनला होतो. लग्नाला सव्वीस वर्षे झाली, त्या साडेतीनला मी आजवर हात लावलेला नव्हता. घोषणेनंतर जी शांतता पसरली, ती मी यापूर्वी फक्त अर्थसंकल्पाच्या दिवशी अनुभवली होती.

पुढचा प्रश्न कापसाचा होता. घरात कापूस एकच, सासूबाईंचा वातींचा, आणि देवाचा कापूस नखांना देण्यास त्यांची प्रथम साफ ना होती. मात्र कापसाचा बोळा नखाएवढाच हवा, मोठा झाला तर ॲसिटोन कातडीवर ओघळते आणि लहान झाला तर लगेच सुकतो, हे कानांवर पडताच त्यांच्यातला कारागीर जागा झाला. "म्हणजे फुलवातीएवढा. देठ नको, नुसतेच फूल," असे म्हणून त्यांनी मांडीवर कापूस घेतला आणि एकसारख्या मापाचे बोळे वळून ताटलीत ओळीने मांडले. जगातल्या कोणत्याही पार्लरमध्ये असे बोळे मिळत नसतील. "नऊच का? दहाव्या बोटाचे काय केलेस?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी डावा अंगठा पदराखाली घेतला.

डायनिंग टेबलाच्या पॉलिशवर ॲसिटोन सांडू नये म्हणून यजमानांनी अत्यंत दूरदर्शीपणाने माळ्यावरून थर्माकोलचा एक तुकडा आणून अंथरला. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा गणपतीच्या मखराची महिरप त्यांनी तेवढी ममतेने जपून ठेवली होती, तिचाच हा तुकडा. मी स्टीलच्या वाटीत ॲसिटोन ओतले, चार थेंब बाहेर पडले, आणि थर्माकोलवर चार ठिकाणी खळगे पडून ते आमच्या डोळ्यांदेखत खोल होत गेले. आवाज नाही, धूर नाही, कोरीव काम केलेले थर्माकोल नुसते स्वतःत मागे सरकत नाहीसे झाले. ॲसिटोन पॉलिस्टायरीनला, म्हणजे थर्माकोलला, काही मिनिटे वगैरे मागत नाही. यजमान काही बोलले नाहीत. त्यांनी महिरपीचा उरलेला भाग उचलून पुन्हा माळ्यावर नेला आणि माझ्यासमोर जुन्या वर्तमानपत्राची जाड घडी ठेवली. चष्मा आणि रिमोट मी स्वतःच दूर सरकवले.

आता मूळ काम. आधी प्रत्येक नखावरची चकाकी कानशीने घालवायची असते, कारण वरचा थर तुळतुळीत असेल तर ॲसिटोन आत शिरत नाही. चकाकी जाऊन नख खडूने रेघोट्या मारल्यासारखे निस्तेज दिसू लागले की हात आवरता घ्यायचा, कारण त्याच्या खाली आपले नख आहे. मग नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीनचा कठडा घालायचा. नखावर मात्र व्हॅसलीन जाऊ द्यायचे नाही, नाहीतर ॲसिटोनलाच मज्जाव होतो. त्यानंतर भिजवलेला बोळा नखावर दाबून बसवायचा आणि वरून फॉईलचा तुकडा गुंडाळून टोकाला पिळा द्यायचा. बोळा टेकताच बोट एकदम गार पडते, कारण ॲसिटोन उडताना ऊब घेऊन जाते.

डाव्या हाताची चार बोटे मी स्वतः बांधली. उजव्या हाताची पाच बांधायची वेळ आली तेव्हा डाव्या हातात फॉईल धरण्याची ताकद राहिलेली नाही, हे उघड झाले. यजमानांना बोलवावे लागले. त्यांनी पहिले बोट पोळीच्या डब्यासारखे, चारी बाजूंनी घड्या घालून, टोके आत दुमडून बांधले. दुसऱ्या बोटाला त्यांनी आपली पद्धत सुधारली. तिसऱ्याला बोळा आणि फॉईल यांच्या मध्ये हवा राहता कामा नये, असे मला समजावून सांगितले. पाचव्या बोटाशी पोहोचेपर्यंत जेल काढण्याचे शास्त्र त्यांनीच शोधून काढलेले होते.

आणि मग पंधरा मिनिटे. रिकाम्या हातांनी पंधरा मिनिटे मी शेवटची केव्हा बसले होते, हे आठवण्यातच दोन मिनिटे गेली. तिसऱ्या मिनिटाला नाकाला खाज सुटली. पाचव्या मिनिटाला आतून विचारणा आली, की पांढरा बनियन कुठे आहे. सातव्या मिनिटाला, "नुसती बसली आहेस तर शेंगा तरी सोल" असे बोलता बोलता सासूबाईंची नजर माझ्या बोटांवर गेली आणि त्यांनी शेंगांचे सूप स्वतःकडे ओढले. नवव्या मिनिटाला दाराची बेल वाजली आणि दारात गॅसचा सिलिंडर उभा होता.

घरात ॲसिटोनची वाटी उघडी असताना भरलेला सिलिंडर आत घ्यायला मन धजेना, म्हणून तो मी जिन्यातच उतरवून घेतला. सिलिंडर आणणाऱ्याला कोड हवा होता, कोड फोनमध्ये होता, आणि फोन माझे बोट ओळखेना. त्याने माझ्या हातांकडे पाहिले आणि आवाज एकदम मऊ करून विचारले, "वहिनी, भाजलं का हो?" त्या क्षणी माझा सोललेला, बदनाम झालेला, पदराखाली लपवलेला डावा अंगठा कामास आला. घरातला तेवढाच एक अंगठा मोकळा होता. त्यानेच मी आकडे दाबले आणि कोड सांगितला. जाताना तो गृहस्थ यजमानांना, बर्फ लावू नका, नुसते नळाचे पाणी सोडा, असा सल्ला देऊन गेला.

पंधराव्या मिनिटाला पहिली फॉईल काढली. आतले जेल सुरकुतलेले आणि कडेने उचललेले होते, दुधावरच्या सायीसारखे. लाकडी काडीने मुळाकडून टोकाकडे हलकेच ढकलले, तर ते आपले आपण पुढे सरकून गळून पडले. अनामिका आणि करंगळीही अशाच सुटल्या. मधले बोट मात्र हटवादी निघाले. त्याच्यावर मधोमध एक डाळिंबी बेट शिल्लक होते आणि काडीला दाद देत नव्हते. शेजारी बसलेले यजमान उलथन्याचे नाव काढण्याच्या बेतात आहेत हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखले. खरे सांगायचे तर माझीही काडी धरलेली मूठ घट्ट झाली होती, कारण आणखी थोडा जोर दिला असता तर ते बेट नक्की निघाले असते, आणि नेमके असेच मला त्या मालिकेच्या रात्रीही वाटले होते. अंगठ्याकडे पाहिले आणि सासूबाईंकडे दुसरा बोळा मागितला. त्यांनी दोन जास्तीचे वळून ठेवलेलेच होते. आणखी सात मिनिटांनी बेट बुडाले.

नऊही नखे मोकळी झाली तेव्हा ती उन्हाळ्यात पाणी आटलेल्या तळ्यासारखी कोरडी दिसत होती. ॲसिटोन नखातले आणि कातडीतले तेल ओढून घेते. बाटलीचे झाकण घट्ट बसवले, वापरलेले बोळे चुलीपासून लांब बाल्कनीत वाळत टाकले, हात साबणाने धुतले आणि नखांवर, मुळाशी, कडांना खोबरेल चोळले. वाऱ्याने ॲसिटोनचा वास पार निघून गेला होता. घड्याळात चारला पाच कमी होते.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येऊ लागला. "आता गॅस लावला तर चालेल का?" अशी पृच्छा झाली. मी चालेल म्हणाले. "तुझे व्हायचे आहे का अजून?" अशी दुसरी पृच्छा झाली, आणि वर्तमानपत्रावर पडलेल्या फॉईलच्या नऊ टोप्यांकडे माझे लक्ष गेले. त्यांत आता कापूसही नव्हता आणि ॲसिटोनही नव्हते. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा स्वयंपाकघराकडे पाहिले, आणि काही न बोलता एक टोपी उचलून माझ्या करंगळीवर चढवली.

"अजून दहा मिनिटे लागतील," मी आवाज चढवून सांगितले.

"बरे. आले किसून घालायचे की ठेचून?"

"ठेचून," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरी टोपी उचलली.