'सगळीकडे तोच अय्यर' : दिल्ली गणेश यांच्यावरील लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तमिळ चित्रपटांतले चरित्र अभिनेते दिल्ली गणेश यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "चारशे सिनेमे केले म्हणून कुणी मोठा नट होत नाही. हा माणूस सगळीकडे तोच अय्यर आहे, नुसती बोलीची नक्कल. 'पट्टिण प्रवेशम' १९७६चा नाही. लेखही नको तेवढा लांब. दक्षिणेचं कौतुक करण्याआधी जरा अभ्यास करत जा."

सालाचं तुमचं बरोबर आहे. त्यांचा हा पहिला चित्रपट १९७७चा, लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण चूक दाखवणं वेगळं आणि 'अभ्यास करत जा' असं चारचौघांत सुनावणं वेगळं. एका सालावरून अख्खा लेख आणि सोबत एका माणसाची सगळी हयात मोडीत काढायची, हे मला अजिबात पटलेलं नाही. लांबीबद्दल काही बोलत नाही.

आता तो अय्यर, म्हणजे तमिळ ब्राह्मण. नेमका कुठला?

'नायकन'मधला (१९८७) अय्यर मुंबईत चित्रपटाच्या नायकाचा, वेलू नायकरचा, दुभाष्या आहे, कारण वेलूला हिंदी येत नाही. दुभाष्या उभा करणं नटाला अवघड असतं. समोरच्याचं बोलणं तो खरोखर ऐकतोय असं दिसावं लागतं, आणि ते वेलूला सांगताना आपला राग-लोभ आवाजात उतरू द्यायचा नसतो. तो उतरला की प्रेक्षकाचं लक्ष वेलूवरून उडालं.

'मायकेल मदन काम राजन'मधला (१९९०) पालघाट मणी अय्यर लग्नाच्या पंगतींचा आचारी. क्रेझी मोहन यांचे संवाद कोट्यांनी भरलेले आणि भरधाव. तिथे एक जण जरी 'मी विनोद करतोय' अशा चेहऱ्याने बोलला, तरी कोटी पडते. सांबारात मासा पडतो तेव्हा आपण हसतो, पण ब्राह्मण आचाऱ्याच्या दृष्टीने पोटावर पाय आलेला असतो. दिल्ली गणेश ती धास्ती खरी ठेवतात, म्हणून हसू येतं. राहिली बोली. पालघाटी, म्हणजे केरळातल्या पालघाटच्या, तमिळमध्ये मल्याळमचा हेल असतो, वाक्याच्या शेवटाला 'आक्कुम' येतं. माझं लहानपण माटुंग्यात पालघाटी शेजाऱ्यांत गेलं आहे. ती बोली कानाला खोटी लागली असती तर मीच आधी लिहिलं असतं. ते स्वतः तिरुनेलवेलीच्या मुलखातले. तिथला हेल निराळा, तो पुसून हा चढवावा लागतो. याला तुम्ही 'नुसती नक्कल' म्हणता?

'अव्वै षण्मुगी'तला (१९९६) सेतुराम अय्यर आपल्याकडे 'चाची ४२०'मध्ये ओम पुरींचा बनवारीलाल झाला. ती भूमिका ओम पुरींच्या तोलाच्या नटाला द्यावी लागली, यावरून तरी अंदाज यावा.

आणि अय्यर नसलेले? 'सिंधु भैरवी'तला (१९८५) मृदंगवादक गुरुमूर्ती मैफलीला पिऊन येतो म्हणून गायक जेकेबी त्याला बाजूला करतो. पुढे तोच गायक दारूत बुडतो. गुरुमूर्तीचा अपमान मनाला लागला नसता, तर जेकेबीच्या घसरणीला अर्धीही धार आली नसती. 'अपूर्व सगोदररगळ'मध्ये (१९८९), म्हणजे हिंदीतल्या 'अप्पू राजा'त, चार खलनायकांपैकी फ्रान्सिस अन्बरसू हेच.

त्याआधीचा, दुरै यांचा 'पसी' (१९७९). त्यात ते मद्रासच्या झोपडपट्टीतले सायकलरिक्षावाले बाप आहेत. बोली तिथली, शब्द तोडून फेकणारी, तेलुगू-उर्दू मिसळलेली. नायिका शोभा यांना या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, दिल्ली गणेश यांना तमिळनाडू सरकारचा विशेष पुरस्कार. १९६४ ते १९७४ हवाई दलात नोकरी, दिल्लीत हौशी नाटकं, तिशी उलटल्यावर दिग्दर्शक के. बालचंदर यांच्याकडे पहिला चित्रपट, आणि दोनच वर्षांत हा बाप!

तुमच्या प्रतिक्रियेत 'पसी'चा उल्लेखही नाही. पाहिला नसेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही. पाहिला असेल, तर त्या रिक्षावाल्यात तुम्हाला अय्यर कुठे दिसला ते प्रसंगासकट लिहा. त्याला मी उत्तर देईन.