सुपरमॅन कशावरून जोखायचा?

जुलै 2025 मध्ये दिग्दर्शक जेम्स गनचा 'सुपरमॅन' लागला आणि इंदूरच्या आमच्या घरात जो वाद पेटला, तो अजून विझलेला नाही. भाचा म्हणतो, सिनेमाने कॉमिकशी बेइमानी केली. मामा म्हणतात, कॉमिकचं मला सांगू नकोस, जन्मदात्या आईबापांनाच ज्यात वाईट ठरवलंय तो सुपरमॅन मला बघायचा नाही. आणि माझी बहीण दोघांना सुनावते की ज्याच्यावर भांडताय तो सिनेमा तुम्ही अख्खा पाहिलेलाच नाही, सेन्सॉर बोर्डाने नायक-नायिकेच्या चुंबनाची 33 सेकंदं कापली आहेत. मी मेलबर्नला राहते, मी तो न कापलेला पाहिला, म्हणून तिघांनाही निकाल माझ्याकडून हवा आहे. पण मी पंच नाही, पक्षकार आहे. मला हा सिनेमा आवडला. आणि तिघांपैकी सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते मामांनी, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी वादाचं मूळ सांगते. क्रिप्टॉन ग्रह नष्ट होताना आईबापांनी तान्ह्या मुलाला पृथ्वीकडे पाठवलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. या सिनेमात त्यांनी सोबत एक निरोपही ठेवलेला असतो. त्यातला अर्धाच शाबूत असतो, आणि लोकांची सेवा कर असं त्यात सांगितलंय या समजुतीवर सुपरमॅन आयुष्य उभं करतो. मग खलनायक लेक्स लुथर उरलेला अर्धा भाग जगापुढे आणतो: पृथ्वीवर राज्य कर, अनेक बायका कर, आपला वंश वाढव.

भाच्याचं म्हणणं, कॉमिकमधले हे जन्मदाते, जॉर-एल आणि लारा, असे नव्हतेच. मी त्याला विचारलं, कुठल्या कॉमिकमधले? जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी 1938 च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात जो सुपरमॅन आणला, त्याला उडताही येत नव्हतं, तो लांब उड्या मारायचा. उडायला लागला तो पुढे, त्यात 1940 च्या दशकातल्या कार्टूनपटांचा मोठा वाटा. सुपरमॅनला दुबळं करणारं क्रिप्टोनाइट आधी रेडिओवरच्या मालिकेत आलं, कॉमिकमध्ये नंतर. पत्रकार जिमी ओल्सन आणि संपादक पेरी व्हाइट हेही रेडिओनेच दिले. पहिला लुथर लाल केसांचा होता, टकला नव्हे. 1986 मध्ये जॉन बर्न यांनी कथा नव्याने मांडली तेव्हा क्रिप्टॉन हा एक थंड, माया आटलेला ग्रह दाखवला, आणि जुन्या अंकांमध्ये मरून गेलेले पाळणारे आईबाप, केंट दांपत्य, जिवंत ठेवलं. म्हणजे भाचा ज्याला 'मूळ' म्हणतो, ते अनेक हातांनी, अनेक माध्यमांमधून, ऐंशीहून अधिक वर्षं लिहिलं गेलंय. त्याच्याशी बेइमानी करायची तर आधी त्यातलं कुठलं धरायचं?

मामांना हे पटवायला मला वेताळच, म्हणजे कॉमिकमधला फँटम, पुरला. मामा इंद्रजाल कॉमिक्सवर वाढले. इथे ऑस्ट्रेलियात वेताळ अजून छापला जातो, फ्र्यू नावाचे प्रकाशक 1948 पासून तो काढताहेत. इंद्रजालमधला आपला वेताळ जांभळा, स्वीडनमध्ये निळा, इटली आणि ब्राझीलमध्ये लाल. त्याचा मुलूख मूळ चित्रमालिकेत बंगालच्या नावाच्या जवळ जाणारा होता, इंद्रजालने त्याचं डेंकाली केलं. आपण लहानपणी ज्याच्यासाठी जीव टाकला तो वेताळ मुळात 'बदललेला'च होता, आणि तरी तो खराच होता, कारण पिढ्यानपिढ्यांची शपथ आणि लोकांना अमर वाटणारा एकविसावा वेताळ, हा गाभा कुणी हलवला नव्हता. 1996 मध्ये सायमन विन्सर यांनी त्यावर सिनेमा काढला. रंग जांभळाच ठेवला, पट्टेरी चड्डी तेवढी काढली. तो सिनेमा मला फिका वाटतो, पण चड्डीमुळे नाही. त्या वेताळाची कुणाला भीतीच वाटत नाही, तो एक हसतमुख साहसवीर होऊन बसतो. रंग सांभाळला आणि दरारा सोडला.

मराठी माणसाला हे नव्याने सांगायची गरज पडू नये. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला, डेस्डिमोनाची कमळजा केली. तो वाचताना व्हेनिस कुठे गेलं असं आपण विचारत नाही, संशयाने माणूस कसा पोखरला जातो ते त्यात उतरलंय का, एवढं पाहतो. इंदूरच्या प्रेक्षकाला नाटकापुढे ही नजर असते. आपल्याकडचे वडीलधारे नाटक बघून घरी येतात आणि ते पात्र तसं का वागलं यावर रात्र जागवतात. तोच प्रेक्षक सुपरहिरोच्या सिनेमापुढे मात्र ही नजर बाजूला ठेवतो आणि यूट्यूबवरच्या कुणीतरी केलेली चुकांची यादी उसनी घेतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ही यादी परदेशातून आलेली आहे आणि इथेही ती काही कामाची नाही. मेलबर्नच्या कॉमिकच्या दुकानात मी ज्यांच्याशी बोलते, त्यांनी माझ्या कितीतरी पट अंक वाचलेत, त्यांचा मला आदर आहे. पण सिनेमा सुटला की त्यांच्यातलेही पुष्कळजण पोशाखाच्या शिवणीपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

मग जोखायचं कशावरून? माझ्यापुरती कसोटी अशी की नायक कोंडीत सापडल्यावर काय निवडतो, आणि ती निवड पटावी एवढी मेहनत सिनेमाने घेतली आहे का. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या 'ऑल-स्टार सुपरमॅन'च्या दहाव्या अंकात एक पान आहे. एक मुलगी इमारतीच्या कठड्यावर उडी मारायच्या बेतात उभी आहे. सुपरमॅन मागून येतो आणि तिला उचलून खाली आणत नाही. तुझ्या डॉक्टरांना खरोखरच अडचणीमुळे उशीर झाला, तुला वाटतं त्याहून तू खंबीर आहेस, एवढं सांगतो आणि तिला जवळ घेतो. ज्याला पर्वत हलवता येतो, तो इथे बळ वापरत नाही. हे एक पान ज्याने वाचलं, त्याला सुपरमॅन कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. 2013 च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये तो खलनायक झॉडची मान मोडतो, आणि त्याआधी अर्धं शहर ढासळतं. कोंडी खरी होती, मी नाकारत नाही, पण ढासळणाऱ्या इमारतींमधल्या माणसांकडे बघायला त्या सिनेमाला सवड नव्हती. गनने 'ऑल-स्टार सुपरमॅन'पासून प्रेरणा घेतल्याचं सांगितलंय आणि ते दिसतं. अजस्र राक्षसाशी झुंज चालू असताना त्याचा सुपरमॅन एका खारीला वाचवतो. माझ्या दृष्टीने हा प्रसंग त्या पानाशी इमान राखतो, जरी तो त्या कॉमिकमध्ये कुठेच नसला तरी.

सिनेमात दोष आहेत. दुय्यम सुपरहिरोंची गर्दी झाली आहे, आणि लुथरच्या कृत्रिम विश्वातला तुरुंग लांबतो.

आता मामा. जन्मदाते आईबाप आपल्या लेकराला दूर देशी राज्य करायला पाठवतात, हे त्यांना सहन होत नाही. मी आधी त्यांना गनची बाजू सांगितली. सिनेमा आला तेव्हा गन एका मुलाखतीत म्हणाले की सुपरमॅन ही बाहेरून आलेल्या माणसाची गोष्ट आहे, आणि अमेरिकेत त्यावर गदारोळ झाला. तो का व्हावा मला कळलं नाही, कारण सीगल आणि शूस्टर दोघेही ज्यू स्थलांतरितांची मुलं, शूस्टर तर टोरोंटोत जन्मलेला. बाहेरून आलेल्याने रक्ताने काय आणलं याच्यावर त्याला तोलू नका, तो इथे काय करतो ते बघा, असं सिनेमा म्हणतो. केंट बाबा त्याला सांगतात की मुलांनी काय व्हावं हे आईबाप ठरवत नाहीत. मला इथे परदेशात राहताना हे शब्द आधार वाटले. माझ्या नावावरून, बोलण्याच्या ढबीवरून माझ्याबद्दल आधीच ठरवणारी माणसं मला इथे भेटलेली आहेत.

मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण बाहेरून येणारा चांगला ठरावा म्हणून त्याचं घर वाईट ठरवायलाच हवं का?"

या प्रश्नापुढे मी थांबले. मेलबर्नमध्ये या सिनेमावर मी खूप बोलले, कुत्र्याबद्दल, नायिका लोइसबद्दल, संगीताबद्दल, पण हे कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही. आमची घराणी होळकरांच्या काळात दक्षिणेतून माळव्यात आली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी-माळवी, असं पिढ्यानपिढ्या चाललंय. इंदूरचे होण्यासाठी कुणाला मागचं गाव नाकारावं लागलं नाही. मामा त्या अनुभवातून बोलत होते. सिनेमात जाणकार तो निरोप अस्सल असल्याचं सांगतात आणि तिथेच विषय संपतो. जॉर-एल आणि लाराला दुसरी बाजू नाही, भीती नाही, नष्ट होणाऱ्या जगाचं दुःख नाही. शेवटी सुपरमॅन त्यांच्याऐवजी केंट दांपत्यासोबतची बालपणीची चित्रफीत बघतो. क्षण सुंदर आहे, मी रडले. पण एका घराच्या जागी दुसरं घर ठेवण्याइतकं ते सोपं नसतं, आणि दूर राहणाऱ्यांना तर हे सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. निष्ठेच्या नावाने भाचा जे बोलत होता त्याच्या आत हाच मुद्दा होता. फक्त 'कॉमिकमध्ये असं नाही' हे त्याचं कारण तोकडं होतं, मामांचं भक्कम आहे.

आणि बहिणीबद्दल. तिची बाजू मला शंभर टक्के मान्य आहे. लोइसला या नात्याची खात्री नाही, हे सिनेमा सुरुवातीच्या मुलाखतीच्या प्रसंगातच सांगतो. तिची शंका आणि त्याचा विश्वास यांची गाठ जिथे पडते, तिथेच कात्री लागली. ज्या सिनेमात एका साध्या खाद्यविक्रेत्याला नायकाच्या डोळ्यांदेखत गोळी घातली जाते, त्यात आक्षेप प्रेमावर. भारतात 2024 पासून यूए वर्गात 7, 13 आणि 16 वर्षं असे टप्पे आहेत, आणि या सिनेमाला 13 चा टप्पा दिला होता. वय सांगून झालं, तर मग कापायचं कशाला? इथे ऑस्ट्रेलियात बहुतेक सुपरहिरोपटांना 'एम' मिळतो, म्हणजे 15 वर्षांवरच्यांसाठी योग्य असा सल्ला. मुलाला न्यायचं की नाही ते आईबाप ठरवतात, सिनेमा अख्खा राहतो. इंदूरच्या प्रेक्षकाकडे माझ्या इथल्या मित्रांपेक्षा खोल प्रश्न आहेत, हे मी आत्ताच लिहिलं. त्याला निकाल द्यायला पुरा सिनेमा मिळू नये हा अन्याय आहे.

दुसरा अन्याय वाचनाचा. मेलबर्नच्या नगरपालिकांच्या वाचनालयांमधून मला कॉमिकचे जाडजूड खंड फुकट घरी नेता येतात. भाच्यासाठी त्यांची किंमत पुस्तकामागे पुस्तक घेण्यासारखी नाही, म्हणून तो यूट्यूबवर जातो. मामांच्या लहानपणी गल्लीतल्या दुकानात कॉमिक भाड्याने मिळायचे. आज इंदूरच्या एखाद्या वाचनालयाने दोन कपाटं जरी या पुस्तकांना दिली, तरी 'कॉमिकमध्ये असं आहे' म्हणणाऱ्याला ते उघडून दाखवता येईल.

'ऑल-स्टार सुपरमॅन' मी भाच्याला पाठवलं. दहाव्या अंकातलं ते पान मामांना मराठीत सांग म्हटलं, त्याने सांगितलं. मामांचं उत्तर आलं की पान फार चांगलं आहे, पण जन्मदात्यांचं काय? गनने पुढचा भाग 2027 साठी जाहीर केला आहे. मला त्यात जॉर-एल आणि लाराचा एक तरी प्रसंग हवा, ज्यात ते दोघं त्या बाळाला यानात ठेवताना माणसांसारखे दिसतील.