चकतीला सगळं ऐकू येतं

सिगारच्या खोक्याची गिटार बनवणं सोपं असतं असं सांगणारे लोक ती बनवून तशीच भिंतीला टांगत असावेत. इथे ओहायोत तंबाखूच्या दुकानात रिकामी लाकडी खोकी चिल्लर भावात मिळतात. आरपार दांडा घालायचा, तीन तारा ताणायच्या, सा-प-सा लावायचं, झालं. एडविन फोर्ब्सच्या एका चित्रात अमेरिकी यादवी युद्धातला सैनिक असल्याच खोक्याचं फिडल वाजवतोय. त्याच्यामागे तोफा होत्या, पण ॲम्प्लिफायर नव्हता. सुटला बिचारा.

ॲम्प्लिफायर म्हटला की खोक्याची थरथर पकडून त्याला पोचवणारा पिझो आला. २७ मिलिमीटरची पितळी चकती, वर सिरॅमिकचा पांढरा थर. दाबली की वीज देते. स्फटिकांचा हा गुण जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली शोधला. त्यांनी पुढे ती चकती लाकडी झाकणाला चिकटवून पाहिली नाही, म्हणून त्यांचं नाव आदराने घेतलं जातं.

कारण या चकतीला आवडनिवड नाही. तारेइतक्याच निष्ठेने ती शर्टाची बाही ऐकते, बोटातली अंगठी ऐकते, खोक्याच्या आत लोंबणारी वायर तर फारच मन लावून ऐकते. वर गरम गोंदाचा जाड गोळा थापला की जरा वठणीवर येते. शिवाय हिला जोडायचं कुठे, याचे नखरे. दहा लाख ओहमच्या आतल्या रोधाचं इनपुट तिला कमी दर्जाचं वाटतं. साध्या लाइन इनपुटला लावली तर खर्ज गायब, आणि उरतो तो कानाशी घोंघावणारा डास.

चकतीच्या वर ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती घोडी. तो चिकटवायचा नसतो, तारांच्या दाबानेच उभा राहतो, आणि धक्का लागला की जागा सोडतो. मेरूपासून (दांड्याच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजा, दुप्पट करा, तिथे ब्रिज. जाड तारेला मात्र त्याहून किंचित लांब लागतो.

आई सांगलीहून आली होती. अर्धा जन्म मिरजेच्या सतारी-तंबोरे बघितलेली बाई.

"अरे, घोडी तिरकी बसलीय तुझी."

"तिरकीच लागते, आई."

"मिरजेत अशी दिली असती तर मी परत केली असती. आणि हा काय, नटबोल्ट?"

बोल्टच होता. आट्यांमध्ये तारा नीट बसतात, म्हणून बरेच जण ब्रिज म्हणून तोच वापरतात. पण त्यावर तार घासून झणझणत होती. ती झणझण घालवायला मी कानस शोधत होतो, तर आई खूश.

"जवारी छान लागलीय हं!"

मिरजेचे कारागीर घोडी घासून घासून तारेची जी गुंजणारी झणझण, म्हणजे जवारी, काढतात, ती मला फुकटात लाभली होती आणि चकती ती खोलीभर ओरडून सांगत होती. आवाज आणखी वाढवला, तर पातळ झाकण स्वतःच थरथरायला लागलं, चकतीने ते ऐकलं, स्पीकरने पुन्हा सांगितलं, आणि अशी काही शिट्टी सुटली की बायकोने वरच्या मजल्यावरून कुकर बंद करायला सांगितलं.

आईने कान झाकून घेतले होते. शिट्टी थांबल्यावर तिने कोपऱ्यातल्या दुसऱ्या खोक्याकडे बोट दाखवलं.

"त्याला भोक नाही ना पाडलंस अजून? मग दे इकडे. सुपारी-लवंगांना बरं आहे."