टाइम-शेअरिंग ही निव्वळ काटकसर नव्हती

‘१९६०च्या दशकात कॉम्प्युटर अतोनात महाग, म्हणून एकच मशीन अनेकांत वाटून घेतलं, टाइम-शेअरिंग म्हणजे एवढंच. प्रोग्रामरच्या सोयीचा विचार युनिक्सने आणला, त्याआधीचं मल्टिक्स तर साफ फसलं.’ या आशयाचा मजकूर बराच फिरतोय. (मल्टिक्स आणि युनिक्स या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटरचा कारभार चालवणारे प्रोग्राम.) त्यातला एकही मुद्दा नीट टिकत नाही.

आधी काटकसर. मशीन महाग होतं, हे खरंच. पण ते पुरेपूर वापरायची सोय बॅच पद्धतीत होतीच. पंच कार्डांचा गठ्ठा द्यायचा, ऑपरेटर एकामागून एक कामं लावणार, मशीनला उसंत नाही. ताटकळायचा तो प्रोग्रामर. एक स्वल्पविराम चुकला तरी ते कळायला कित्येक तास, कधी दुसरा दिवस. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थींनी १९५९च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये टाइम-शेअरिंगचं जे टिपण दिलं, त्यात उद्दिष्ट स्पष्ट आहे: प्रश्न सुटायला लागणारा वेळ कमी करणं. तो पाचपटीने घटेल, हा अंदाजसुद्धा त्यांनी हात राखूनच दिला होता. मशीनचा वेळही वाचेल, पण त्याहून कमी, असं ते लगेच पुढे नोंदवतात.

फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१मध्ये पहिल्यांदा चालवून दाखवलेल्या सीटीएसएस या एमआयटीतल्या टाइम-शेअरिंग यंत्रणेची रचनाही हेच सांगते. पुढे ती आयबीएम ७०९४ या मशीनवर आली, तेव्हा मेमरीचे सुमारे ३२ हजार शब्दांचे दोन भाग होते. एक अख्खा भाग सुपरवायझरसाठी, म्हणजे सगळ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोग्रामसाठी राखीव. दुसऱ्यात आळीपाळीने एकेकाचा प्रोग्राम यायचा. पाळी संपली की त्याला ड्रम किंवा डिस्कवर (मेमरीबाहेरच्या साठवणीत) हलवून पुढच्याला आत घ्यायचं. या ने-आणीत मशीनचा वेळ फुकट जातो. तो कमी व्हावा म्हणून येणारा प्रोग्राम लहान असेल, तर आधीच्याचा तेवढ्यापुरताच भाग बाहेर काढायची युक्ती त्यांनी केली होती. पाळ्या लावण्यासाठी एक नाही, अनेक रांगा होत्या. काम वेळेत आटोपलं नाही की खालच्या रांगेत. तिथे नंबर उशिरा, पण पाळी दुप्पट लांब. म्हणजे एक ओळ दुरुस्त करणाऱ्याला चटकन उत्तर मिळायचं आणि लांबलचक आकडेमोड मागे थांबायची. मशीन रिकामं पडू नये म्हणून जुनी बॅच कामं पार्श्वभूमीला चालत, ती काळजीही घेतलीच होती. पण अर्धी मेमरी बाजूला काढून, ने-आणीचा भुर्दंड सोसून उभी केलेली व्यवस्था माणसाचा वेळ मोलाचा मानणाऱ्यांनीच बांधलेली असते.

सोयी युनिक्सने आणल्या, हा दुसरा दावा. सीटीएसएसवर ज्याच्या-त्याच्या फाइल होत्या, पासवर्ड होता, १९६५मध्ये एकमेकांना निरोप पाठवायची मेल आज्ञा आली. जेरोम सॉल्त्झरांचा रनऑफ हा मजकूर नीट मांडून छापणारा प्रोग्राम १९६४चा. लुई पूझाँ यांच्या रनकॉममुळे आज्ञांची यादी एका फाइलमध्ये लिहून ती एकदम चालवता येई. त्याच कल्पनेतून मल्टिक्सचा शेल, म्हणजे आज्ञा वाचून त्या चालवणारा प्रोग्राम, आला आणि तिथून युनिक्सचा. शिवाय, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या प्राध्यापकांनी मे १९६४मध्ये बेसिक भाषा टाइम-शेअरिंगवर सुरू केली, तीही कॉम्प्युटरशी संबंध नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी.

राहिलं मल्टिक्स. ते रखडलं, जड झालं, १९६९मध्ये एमआयटीची त्यातली भागीदार, बेल लॅब्ज ही संशोधन संस्था, त्यातून बाहेर पडली, हे सगळं खरं. पण प्रकल्प तिथे संपला नाही. फाइलींचं झाड (फोल्डरात फोल्डर अशी मांडणी), प्रोग्राम चालू असताना लायब्ररी (तयार प्रोग्रामांचा साठा) जोडणं, संरक्षणाची कडी (कोणत्या प्रोग्रामला किती अधिकार, याचे थर) यांचं काम त्यात झालं आणि शेवटचं मल्टिक्स कॅनडात हॅलिफॅक्सला बंद झालं ते ऑक्टोबर २०००मध्ये. युनिक्सचे निर्माते, बेल लॅब्जचे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची, दोघेही मल्टिक्सवर काम केलेले. बेल लॅब्ज बाहेर पडल्यावर हातातून काय निसटत होतं, ते रिचींनी स्वतः लिहून ठेवलंय: एकाच यंत्रणेवर जवळून, एकमेकांच्या सोबतीने काम करण्याची सवय. ती टिकावी म्हणून त्यांनी पीडीपी-७ या छोट्या कॉम्प्युटरवर युनिक्सची सुरुवात केली.