‘सर्वांत लहान पिस्तूल तेच सर्वांत भरवशाचे’: एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

कापसाचा हंगाम सुरू झाला की यवतमाळ, वर्धा आणि चंद्रपूर या पट्ट्यातील जिनिंगवाले, अडते, पेट्रोलपंप चालक आणि मोठे बागायतदार यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा की, शस्त्रपरवाना मिळालेल्या माणसाने खिशात मावेल असे सर्वांत लहान पिस्तूल घ्यावे. पिस्तूल नव्या पद्धतीचे असल्यामुळे रिव्हॉल्व्हरपेक्षा, म्हणजे फिरत्या सिलिंडरच्या घरांत गोळ्या भरायच्या शस्त्रापेक्षा, अधिक भरवशाचे असते. जुने विलायती मिळाले तर फारच उत्तम. ते चॅम्बरमध्ये (नळीच्या मागच्या, गोळी सुटते त्या घरात) गोळी भरून सरळ खिशात ठेवावे, होल्स्टरची (शस्त्राच्या म्यानाची) गरज नाही. आणि रात्री जागलीला गेल्यावर वाघ-डुकरांपासूनही तेच वाचवते. रोख रक्कम घेऊन रात्री गावी परतणाऱ्या माणसाची काळजी खरी आहे आणि तिच्याविषयी मला पूर्ण आस्था आहे. म्हणूनच या मजकुरातील जवळजवळ प्रत्येक विधान तपासून खोडणे मला आवश्यक वाटते. हवे तेव्हा अडणारे आणि नको तेव्हा सुटणारे शस्त्र जवळ बाळगण्यापेक्षा ते न बाळगणे केव्हाही बरे.

निवडीला आपल्याकडे कायद्याची चौकट आहे, तिचा उल्लेख या मजकुरात कुठेच नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून एका व्यक्तीला तीनऐवजी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर धरून दोनच बंदुका ठेवता येतात. ज्याच्या घरी शेताच्या राखणीसाठी आधीच बारा बोअरची बंदूक आहे, त्याच्याकडे एकच जागा उरते आणि ती चुकीच्या शस्त्राने भरली तर बदल करण्यासाठी पुन्हा परवाना अधिकाऱ्याकडे जावे लागते. नऊ मिलिमीटर हा बोअर (नळीच्या व्यासाचे माप) सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहे. त्यामुळे खिशातल्या शस्त्राची निवड प्रत्यक्षात बहुतेक वेळा .३२ आणि .२२ (इंचांतली मापे) या दोन बोअरमध्येच होते. परदेशी चित्रफिती पाहून केलेल्या शिफारशी इथे बहुतांश निरुपयोगी ठरतात, त्या याच कारणाने.

आता ‘जितके लहान तितके चांगले’ या विधानाकडे वळू. लहान पिस्तूल खिशात सहज मावते हे खरे, पण लहानपणाची किंमत यंत्राला मोजावी लागते. अशा पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग, आखूड आणि हलकी असते, तिला मागे जाऊन रिकामे टोपण (काडतुसाची पुंगळी) बाहेर फेकायला आणि पुढे येताना नवे काडतूस उचलायला फार थोडे अंतर मिळते, आणि तेवढ्या अंतरात सारे जुळून यावे म्हणून स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. .३२ बोअरची जुन्या घडणीची बहुतेक लहान पिस्तुले केवळ स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण यांच्या बळावर काडतुसाचा धक्का झेलतात. त्यामुळे त्यांची स्लाइड ओढायला जड जाते, विशेषतः बोटांत संधिवात असलेल्या वयस्कर माणसाला. मूठ छोटी म्हणून पकड अर्धवट बसते, मनगट सैल राहते, स्लाइड पुरेशी मागे जात नाही आणि काडतूस मध्येच अडकते. घाबरलेल्या माणसाची पकड कशी असते हे ज्याचे त्याने ठरवावे. लहान शस्त्र वापरायला सोपे असते ही समजूत अगदी उलटी आहे. ते अनुभवी हाताचे शस्त्र आहे.

दुसरे विधान पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांच्या तुलनेचे, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप इथेच आहे. पिस्तुलाचा भरवसा हा त्याचे मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी), स्प्रिंग, काडतुसाचा आकार आणि धरणाऱ्याचा हात या सर्वांचा मिळून असतो. यातील एकही गोष्ट ढिली पडली की दुसरी गोळी येत नाही. मॅगझिनचे वाकलेले ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, हे अडण्याचे एक नेहमीचे कारण आहे. शिवाय .३२ पिस्तुलाचे काडतूस, जे जॉन ब्राउनिंग यांनी आखले आणि बेल्जियमच्या एफएन कारखान्याने १८९९ च्या सुमारास बाजारात आणले, त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित रुंद असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि ती अडचण हाताने स्लाइड ओढून सुटत नाही. एखादे काडतूस फुसके निघाले तर पिस्तुलाला दोन हात लागतात. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की पुढचे घर समोर येते. अंगाला अंग भिडलेल्या झटापटीत दुसरा हात मोकळा असेलच असे नाही. पिस्तूल खिशातून चालवावे लागले तर त्याची स्लाइड कापडात अडकते, तर घोडा झाकलेले रिव्हॉल्व्हर तिथूनही दुसरी गोळी झाडू शकते.

याचा अर्थ रिव्हॉल्व्हर कधीच अडत नाही असा मात्र कुणी घेऊ नये. सिलिंडरमागच्या ताऱ्याखाली (रिकामी टोपणे बाहेर ढकलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या भागाखाली) जळक्या दारूचे कण किंवा कचरा साचला तर सिलिंडर फिरत नाही, आणि आपल्याकडे तो कचरा म्हणजे रुईची धूळ. जिनिंगमध्ये दिवसभर वावरणाऱ्या माणसाच्या खिशात संध्याकाळी तंतूंचा थर सापडतो. तो पिस्तुलाच्या चॅम्बरमध्येही जातो आणि रिव्हॉल्व्हरच्या यंत्रातही. तेल जास्त घातलेले असेल तर तो तिथेच चिकटून बसतो. त्यात एप्रिल-मे महिन्यांतला घाम, ज्याने काळ्या पोलादावर अल्पावधीत गंज चढतो. रोज खिशात बसणारे शस्त्र आठवड्यातून एकदा रिकामे करून, कोरड्या कापडाने पुसून, अगदी थोडे तेल लावून ठेवावे लागते. ज्याला हे जमणार नाही त्याच्यासाठी कोणतेही शस्त्र भरवशाचे नाही.

बोअरविषयी मजकुरात एक घातक गोंधळ आहे. ‘बत्तीसची गोळी कुठेही चालते’ असे त्यात म्हटले आहे. पिस्तुलाच्या .३२ काडतुसाचे टोपण सुमारे १७ मिलिमीटर लांब असते, रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचे सुमारे २३. नाव एक असले तरी ती दोन वेगळी काडतुसे आहेत. पिस्तुलाचे काडतूस काही रिव्हॉल्व्हरमध्ये शिरतेही, पण त्याचा दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाहून बराच अधिक असतो आणि जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी तो धोकादायक आहे. खरेदी करताना पाकिटावरचा मजकूर वाचून घ्यावा. .२२ च्या बाबतीत मुद्दा वेगळा आहे: तिच्यातला स्फोटक थर बुडाच्या कडेत भरलेला असतो, तो सर्वत्र सारखा पसरला नसेल तर घोडा पडूनही गोळी सुटत नाही. म्हणून .२२ घ्यायचेच असेल तर ते रिव्हॉल्व्हरमध्ये घ्यावे.

विलायती मालाच्या मोहाविषयी थोडक्यात. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी पिस्तुलांची आयात बंद आहे. त्यामुळे हातोहात फिरणारे ‘ओरिजिनल’ पिस्तूल बहुधा चाळीस वर्षांपेक्षा जुने असते, त्याच्या स्प्रिंगा थकलेल्या असतात आणि मूळ मॅगझिन मिळत नाही. त्यापेक्षा कानपूरच्या सरकारी कारखान्याचे २०१४ साली आलेले ‘निर्भीक’, जे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे टायटॅनियम मिश्रधातूचे .३२ रिव्हॉल्व्हर आहे, किंवा २०२३ चे ‘प्रबल’ मला अधिक पटते. ‘प्रबल’चे सिलिंडर बाजूला उघडते, हा भरणे आणि साफ करणे या दोन्हींसाठी मोठा फायदा आहे, मात्र सुमारे ७०० ग्रॅम वजन नेहरू शर्टाच्या खिशाला ओढ देते. पँटचा खोल पुढचा खिसा असेल तरच ते घ्यावे.

होल्स्टर नको, हे विधान तर बेकायदेशीरही आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. त्यामागचे कारण साधे आहे. किल्ल्या, सुटी नाणी आणि खर्ऱ्याची पुडी असलेल्या खिशात उघडे पिस्तूल ठेवले तर एखादी किल्ली चापावर ताण देऊ शकते. खिशाचे होल्स्टर चाप झाकते, शस्त्र सरळ उभे धरते आणि बाहेर काढताना स्वतः खिशातच राहते. त्या खिशात दुसरे काहीही नसावे. चॅम्बरमध्ये गोळी ठेवण्याविषयी बोलायचे तर, अनेक जुन्या पिस्तुलांत काडतुसावर आघात करणारी पिन अडवणारी यंत्रणाच नाही आणि मोटारसायकलवरून पडल्यावर ती आपोआप सुटू शकतात. नवीन घडणही याला सर्वस्वी अपवाद नाही. अमेरिकेत रुगर कंपनीने एलसीपी हे खिशातले पिस्तूल बाजारात आणले त्याच वर्षी, २००८ मध्ये, पडल्यावर गोळी सुटण्याच्या शक्यतेमुळे परत मागवले होते. जुने पिस्तूल असेल तर चॅम्बर रिकामे ठेवावे, आणि मग ते चालवायला दोन हात लागणार हे मान्य करावे. लांब आणि जड चाप असलेले रिव्हॉल्व्हर मी सुचवतो ते या पेचातून सुटण्यासाठी.

वाघाचा मुद्दा मला सर्वांत अस्वस्थ करतो, कारण ताडोब्याच्या बाजूला, ब्रह्मपुरीकडे माणसे खरोखर मरत आहेत. .३२ ची गोळी साडेचार ग्रॅमच्या आसपास असते आणि तिची ऊर्जा पावणेदोनशे ज्यूलच्या घरात. बारा बोअरच्या काडतुसाची ऊर्जा त्याच्या दहापटीहून अधिक असते. जखमी रानडुक्कर पळण्याऐवजी अंगावर येऊ शकते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील कलम ११ जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा मानत नाही, पण खिशातल्या पिस्तुलाने वाघ थांबेल अशी हमी कोणताही कायदा देत नाही. जागलीला एकट्याने न जाणे, जोरदार टॉर्च, मचाण आणि वनविभागाला वेळीच कळवणे यांवर भरवसा ठेवावा.

शेवटचे विधान असे की, चांगल्या कारखान्याचे पिस्तूल तपासावे लागत नाही. प्रत्येक नग तपासावाच लागतो. अधिकृत रेंजवर, जी काडतुसे खिशात ठेवायची आहेत तीच वापरून, किमान पन्नास गोळ्या एकही अडथळा न येता सुटल्या तरच ते शस्त्र खिशात जावे. पिस्तूल असेल तर याहून जास्त, आणि प्रत्येक मॅगझिन वेगळे तपासून. काडतुसे महाग आहेत आणि परवान्यावरची संख्या मर्यादित आहे, म्हणून हा खर्च शस्त्राच्या किमतीतच धरावा. खिशात घाम आणि तेल लागलेली काडतुसे फुसकी निघू शकतात. ती दरवर्षी दसऱ्याआधी रेंजवर संपवून नवी भरावीत आणि त्यांची नोंद परवान्यावर करून घ्यावी.